केमिस्टचा ऑडिटर झालो, मग बी.एस्सी. वाया गेली का?

उसाचा_पाला | रविवार, रात्री ९.४०

मागच्या आठवड्यात मामांकडे इस्लामपूरला जेवायला गेलो होतो. मामेभावाच्या मुलाची बारावी झालीय. त्याच्या ॲडमिशनचा विषय निघाला, तसे मामा माझ्याकडे हात करून म्हणाले, "याचंच बघा की. तीन वर्षं केमिस्ट्री शिकला, नऊ सीझन कारखान्यात काढले आणि आता सोसायट्यांच्या वह्या तपासत फिरतोय. ती बी.एस्सी. वायाच गेली म्हणायची." मामांचा माझ्यावर जीव आहे, टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. पण तो पोरगा ऐकत होता. त्याच्या डोक्यात ते वाक्य राहू नये म्हणून इथं सविस्तर लिहितोय. लिंक त्यालाही पाठवणार आहे.

मी २००७ साली सांगलीत बी.एस्सी. झालो, विषय रसायनशास्त्र. लगेच जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, सीझनल केमिस्ट म्हणून. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू झालं, की पुढचे चार-पाच महिने लॅब चोवीस तास चालते. ठरल्या वेळी रसाचा नमुना आणायचा, ब्रिक्स (रसात विरघळलेला एकूण घन भाग) काढायचा, पोलारीमीटरवर पोल (त्यातली साखर) बघायचा, दोन्हींवरून प्युरिटी, म्हणजे शुद्धता. बगॅसमध्ये (चिपाडात) किती साखर निघून चालली, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) किती, मळीत किती, सगळं मोजायचं. सकाळी चोवीस तासांचा अहवाल वर जातो आणि त्यात एक हिशेब असतो: उसातून जेवढी साखर आत आली तेवढी बाहेर दिसली पाहिजे. पोत्यात, बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये, मळीत. तरीही जे कुठंच सापडत नाही त्याचा एक वेगळा रकाना असतो, अज्ञात घट. तो आकडा वाढला की चीफ केमिस्टसाहेब पाळीतल्या सगळ्यांना उभं करायचे. कुठंतरी पंप गळतोय, रस तापून साखर मोडतेय, नाहीतर कुणीतरी नमुनाच नीट घेतलेला नाही. साखर हवेत जात नाही, शोधा, एवढंच म्हणायचे.

काम आवडायचं. पण सीझनलचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. एप्रिलनंतर पूर्ण पगार नाही आणि दोन वर्षं तर सीझनचाही वेळेवर नाही. दुसरी मुलगी झाली तेव्हा ठरवलं की वाट बदलायची. सासऱ्यांच्या ओळखीतले एक ज्येष्ठ लेखापरीक्षक म्हणाले, पदवी आहे ना, मग जी.डी.सी. ॲण्ड ए. दे. शासकीय सहकार व लेखा पदविका, सहकार आयुक्तांकडून होणारी परीक्षा. सहकारी संस्थांचे प्रमाणित लेखापरीक्षक व्हायचं तर कायद्याला दोन्ही लागतात, विद्यापीठाची पदवी आणि ही पदविका. वर काही वर्षांचा अनुभव. पदवी कशातली, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या वर्षी नापास झालो. किर्द (रोजची नोंदवही), खतावणी (खातेवही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलका जुळवायचा तक्ता) हे शब्द घरात कधी ऐकलेले नव्हते. जमा कुठं, नावे कुठं, सगळं उलटंच वाटायचं. मग एका रात्री पुस्तक समोर असताना डोक्यात लख्ख झालं. अरे, हा तर लॅबचाच अहवाल आहे. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती, आणि जे जुळत नाही ते कुठं गेलं. त्या रात्रीनंतर तो विषय मला परका वाटला नाही. २०१६ ला पास झालो, कारखाना सोडला आणि त्या ज्येष्ठांच्या हाताखाली फिरायला लागलो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. एका गावच्या विकास सोसायटीचं ऑडिट. तेरीज पैशाला पैसा जुळलेली. बरोबरचा मुलगा म्हणाला, झालं, सह्या घेऊ. मला चैन पडेना, कारण पैशाचा हिशेब जुळला तरी मालाचा बघितला नव्हता. गोडाऊन उघडायला लावलं आणि १०:२६:२६ खताची पोती स्वतः मोजली. साठा रजिस्टरपेक्षा ३८ पोती कमी. सचिव घाबरून गेले. शेवटी त्यांच्या खिशातल्या डायरीत सापडलं. लागणीच्या घाईत ओळखीच्या सात सभासदांना त्यांनी उधार दिलेली, नोंद करायची राहून गेलेली. माणूस सरळ होता. पण अजून एक वर्ष गेलं असतं तर त्याच्या नावावर अपहार लागला असता.

पोती मोजायला मला कुठल्याही ऑडिटच्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. साखर हवेत जात नाही, ते तिथून आलं.

दुसरी गोष्ट कॉलेजातली. प्रॅक्टिकलला आमचे सर जर्नलवर खोडरबर चालू द्यायचे नाहीत. रीडिंग चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा आणि सही. ब्युरेटचं वाचन मनाजोगतं आलं नाही म्हणून बदललं तर ते पान फाडून पुन्हा करायला लावायचे. तेव्हा राग यायचा. आज कुठल्याही वहीत पांढऱ्या शाईचा ठिपका दिसला की माझा हात तिथंच थांबतो.

तर माझा प्रश्न. तुमच्यापैकी ज्यांनी मध्येच वाट बदलली, त्यांना कॉलेजच्या शिक्षणातलं काय कामाला आलं? "आत्मविश्वास आला" असं मोघम नको. नेमकं काय, ते लिहा. त्या पोराला वाचायचंय.

---

मार्केट_यार्ड | रविवार, रात्री १०.२५

मनापासून लिहिलंय, आवडलं. पण मामांची बाजूही कुणीतरी मांडायला पाहिजे.

मी बी.ए., अर्थशास्त्र. मागणी-पुरवठ्याचे वक्र तीन वर्षं काढले. वडील गेल्यावर अडतीवर बसलो तेव्हा राजापुरी हळद कुठली आणि सेलम कुठली हे मला ओळखता येत नव्हतं. गड्डा हातात घेऊन मोडायचा, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, ओल किती आहे ते आवाजावरून सांगायचं, हे आमच्या एका हमालमामांनी शिकवलं. ते चौथी शिकलेले. हरिपूरच्या पेवातला, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातला, माल वर काढताना कधी आत उतरायचं आणि कधी नाही, हेही त्यांनीच. ज्या ज्ञानावर माझं पोट भरतं त्यातलं एकही अक्षर कॉलेजात मिळालेलं नाही.

वसंतदादांचंच घ्या. स्वतःचं शालेय शिक्षण थोडंच, पण कारखाना उभा केला, राज्य चालवलं आणि १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट त्यांनीच मोकळी करून दिली. माणसात धमक असली की पदवीवाचून अडत नाही. तुमच्यात होती. तुम्ही बारावीनंतर थांबला असता तरी काहीतरी केलंच असतं.

आणि आज फी किती आहे ते बघा. कर्ज काढून पोरगं शिकवायचं आणि त्यानं परत येऊन म्हणायचं की मला वाट बदलायचीय, हे प्रत्येक घराला झेपत नाही.

---

उसाचा_पाला | रविवार, रात्री १०.५०

@मार्केट_यार्ड, फीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या तीन वर्षांची सगळी फी मिळून एका सीझनच्या पगारात बसली होती. मुलीला कॉलेजात घालायची वेळ येईल तेव्हा मीही दहादा विचार करीन.

पण "काहीतरी केलंच असतं" याला मी हो म्हणू शकत नाही. पदवी नसती तर त्या परीक्षेचा अर्जच भरता आला नसता. माझ्याबरोबर लॅबमध्ये एक जण होता, बारावी सायन्स, नमुने घ्यायला. हात माझ्यापेक्षा साफ, डोकं माझ्यापेक्षा चांगलं. तो अजून तिथंच आहे. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण आहे हे असं आहे.

---

मूस_आणि_तेजाब | सोमवार, सकाळी ७.१५

नेमकं हवंय ना, मग घ्या.

मी विट्याजवळचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी गावं गलाईवर जगली, हे सगळ्यांना माहीत आहे. सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली माणसं. माझे वडील चाळीस वर्षं तमिळनाडूत होते. सोनाराकडचं जुनं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, त्यात मुद्दाम चांदी मिसळायची, पत्रा करायचा आणि तेजाबात टाकायचा. चांदी विरघळून जाते, खाली शुद्ध सोनं उरतं. लहानपणी मी वडिलांना विचारायचो, चांदी काढायचीच आहे तर आधी घालायची कशाला? ते म्हणायचे, घातल्याशिवाय निघत नाही, आमचे वडील पण घालायचे.

वडिलांना मला त्या धुरात घालायचं नव्हतं. तेजाबाच्या वाफेनं त्यांची छाती गेली होती. म्हणून बी.एस्सी. केली आणि एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासायच्या, लॅबमध्ये लागलो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांना तोच प्रश्न विचारला होता. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. सोन्याचं प्रमाण जास्त असलं की नायट्रिक ॲसिड आतल्या चांदी-तांब्यापर्यंत पोचतच नाही, सोन्याचं कवच आड येतं. म्हणून चांदी वाढवून सोनं साधारण चौथ्या हिश्श्यावर आणायचं, मग ॲसिडला आत शिरायला वाट मिळते. मी गावी जाऊन वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे आम्ही बरोबरच करत होतो.

१६ जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्किंग टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं आणि तपासणी केंद्रांना माणसं लागायला लागली. मी औषध कंपनी सोडून तिकडं गेलो. आमचं काम असं: दागिन्यातून थोडासा नमुना घ्यायचा, सूक्ष्म तराजूवर तोलायचा, चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवायचा. शिसं आणि तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू क्युपेल नावाची सच्छिद्र वाटी पिऊन टाकते, सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून ॲसिडमध्ये. उरलेलं सोनं पुन्हा तोलायचं. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग, त्याखाली आलं की माल परत.

बघा, वडिलांची मूस आणि माझी भट्टी एकच काम करतात. पण मला क्यूसीतून जाऊन तिथं उभं राहता आलं, कारण एकच नमुना दोनदा करायचा, दोन्ही उत्तरांत किती फरक चालतो ते ठरवायचं, माहीत असलेलं शुद्ध सोनं प्रत्येक बॅचबरोबर भट्टीत ठेवून स्वतःचीच चूक मोजायची, ही शिस्त कॉलेज आणि क्यूसीनं लावली. सोनार भांडायला येतो तेव्हा मी हातावर हात मारून खात्री देत नाही. वही उघडून दाखवतो.

वडिलांकडची विद्या कमी नव्हती. पण ती त्यांना दुसऱ्या कुठल्या कामात नेता आली नाही. मला नेता आली.

---

तिसरं_वर्ष | सोमवार, दुपारी १.०५

सर्वांना नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय. मी जत तालुक्यातली, बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी विषय घेऊन. रात्री पूर्ण धागा वाचला.

केमिस्ट्रीवाल्यांकडं मोजायचं तंत्र आहे. कॉमर्सवाल्यांकडं हिशेब आहे. मराठीवालीकडं काय आहे? घरी सगळे विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. मला शिकवायला आवडेल असं वाटत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी मैत्रिणी पुण्याला चालल्यात, माझ्या घरचा तेवढा खर्च करू शकत नाहीत. मी चुकीचा विषय घेतला का, हे मला खरंच कळत नाहीये.

---

पूररेषा | सोमवार, दुपारी ३.३०

मुली, उत्तर देणारे देतील, आधी एक काम कर. तुझे सगळे निकाल, टीसी, पुढं मिळणारं पदवी प्रमाणपत्र, सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. का, ते सांगते.

मी सांगलीच्या गावभागातली. बी.कॉम. २००३. लग्न झालं, घरात रमले, पदवी ट्रंकेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं दुकान पहिल्या दिवशी गेलं आणि तिसऱ्या दिवशी घरात छातीपर्यंत पाणी. परतलो तेव्हा ट्रंकेत चिखलाचा गोळा होता. त्यात माझ्या लग्नाचे फोटो आणि पदवी.

दुकानाच्या विम्याचा दावा करायचा होता. माल किती होता याचा पुरावा मागितला, वह्या तर पाण्यात. ह्यांना काही सुचत नव्हतं. मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचं एक गणित आठवलं, आगीत जळालेल्या मालाची किंमत काढायचं. आरंभीचा साठा अधिक खरेदी, वजा विक्री, नफ्याचं प्रमाण धरून शेवटचा साठा. आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मी घाऊक व्यापाऱ्यांकडून फोनवर जुनी बिलं मागवली, बँकेचे उतारे काढले, जीएसटीची विवरणपत्रं ऑनलाइन होती ती उतरवली आणि आठ दिवस बसून तो तक्ता केला. सर्व्हेअरनी तो मान्य केला. गल्लीतल्या आणखी चार दुकानांचे तक्ते मीच करून दिले.

तिथून मी जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायचं ठरवलं. त्याच्या नोंदणीला कॉमर्सची पदवी चालते. पण पदवी कुठंय? कोल्हापूरला विद्यापीठात फेऱ्या, प्रतिज्ञापत्र, दुसरी प्रत. त्यात माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगळं, त्याचा वेगळा खेळ. या सगळ्यात काही महिने गेले. आज माझ्याकडे बावीस दुकानं आहेत. वयाच्या सदतिसाव्या वर्षी सुरू केलं.

सोळा वर्षं मी त्या पदवीचं नावही काढलं नव्हतं. तरी ती होती.

---

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री ८.५५

मी साताऱ्यात इतिहास शिकवून निवृत्त झाले. @तिसरं_वर्ष, तुला उत्तर द्यायचंच आहे, पण त्याआधी माझ्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगते. त्याच्या परवानगीनं, नाव न घेता.

तो माण तालुक्यातला. वडील ऊसतोडीला जायचे. 'कमवा आणि शिका'मध्ये काम करून शिकला. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांची, आणि साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेचं. @मार्केट_यार्ड, कर्मवीर स्वतः फार शिकलेले नव्हते, हे तुमच्या म्हणण्याला धरून आहे. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. पण फिरताना त्यांनी जे पाहिलं त्यावरून रयतेच्या मुलांसाठी शाळा आणि कॉलेजं काढायचं ठरवलं. न शिकताही धमक असलेल्या माणसानं आयुष्य कशाला दिलं, हेही बघायला हवं.

तर हा मुलगा. मी वर्ग संपल्यावर मोडी शिकवायचे. सुरुवातीला पस्तीस जण आले, दिवाळीनंतर सहा राहिले, त्यातला हा एक. मी त्यांना नुसती अक्षरं शिकवली नाहीत. कागद हातात आला की आधी तो वाचायचा नाही, बघायचा. कोणत्या कचेरीचा, कुणी कुणाला लिहिलेला, तारीख कोणत्या कालगणनेतली, शिक्का कुठं. मग वाचायचा. आणि जे अक्षर लागत नाही तिथं अंदाजानं शब्द घालायचा नाही, टिंबं द्यायची. बी.ए. झाल्यावर त्याला नोकरी लागली नाही. कुरिअरच्या ऑफिसात अकरा वर्षं काढली. भेटला की मान खाली घालायचा आणि मला वाईट वाटायचं.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, वर्षाच्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं, गाव नमुने, बरंचसं मोडीत. मी त्याला फोन केला. दोन आठवडे त्यानं रात्री जागून सराव केला आणि कामाला लागला. आता त्यानं कुरिअर सोडलंय. जमिनीच्या वादातले, देवस्थानांचे, घराण्यांचे जुने कागद लोक त्याच्याकडे आणतात. तो लिप्यंतर करून देतो. दाव्यातल्या एका कागदात त्यानं एका शब्दाच्या जागी टिंबं दिली. पक्षकारानं सोयीचा शब्द घालायचा आग्रह केला, पैसेही देऊ केले. त्यानं नकार दिला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी फोनवरच रडले.

आता तू. मराठीवालीकडं काय आहे, विचारतेस. तुम्हाला भाषाविज्ञानाच्या पेपरात बोलीचा अभ्यास असेल. माणूस बोलतो तसं, आपलं काही न मिसळता उतरवून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण फार थोड्यांना जमतं. दवाखान्यात रुग्णाची हकीकत घेताना, जबाब नोंदवताना, बातमी लिहिताना हेच लागतं. आणि तू जतची आहेस म्हणजे तुला कानडी येत असणार. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून किती रुग्ण येतात ते तुला माहीत आहे. आजाराबद्दल, खर्चाबद्दल, योजनांबद्दल त्यांना त्यांच्या भाषेत समजावणारं माणूस लागतं. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचं आहे आणि त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. तुला आवडेलच असं नाही. पण तुझ्याकडं काही नाही, असं पुन्हा म्हणू नकोस.

---

कुंडल_रोड | सोमवार, रात्री १०.१०

बाईंनी किर्लोस्करांचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही, मी त्याच भागातला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले ते चित्रकार व्हायला. पुढं लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला तिथं संपली. पण रंगाशिवायचं एक चित्र असतं, यंत्रांचं रेखाटन. ते शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकली, मग चारा कापायचं यंत्र, नांगर, आणि १९१० साली आमच्या कुंडल रोड स्टेशनच्या माळावर कारखाना. त्या स्टेशनचं नाव पुढं किर्लोस्करवाडी झालं. मनात आलेलं यंत्र कागदावर मापात उतरवायचा हात त्यांना ज्या शाळेत मिळाला, तिथं ते भलत्याच कामासाठी गेले होते. माझ्या मुलाला मी हे नेहमी सांगतो.

---

मार्केट_यार्ड | मंगळवार, सकाळी ६.४०

रात्रभर डोक्यात होतं. दोन गोष्टी कबूल करतो.

एक, आमच्या हमालमामांना हळदीतलं सगळं कळायचं, पण सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि परदेशी खरेदीदार कुरकुमिनचं (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं) प्रमाण, कीटकनाशकांचे अवशेष असलं विचारायला लागले, तेव्हा ते कागद मामांना उमगले नाहीत आणि मलाही उमगले नाहीत. आमच्याच नात्यातल्या एका बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलीनं बसून समजावले. आता ती त्याच कामात आहे, आधी बियाणं कंपनीत होती.

दोन, माझ्या अर्थशास्त्राचा काहीच उपयोग झाला नाही हे मी लिहिलं, ते पुरतं खरं नाही. भाव पडला की सगळे घाबरून माल काढतात तेव्हा मी थांबतो. मला वाटायचं हा स्वभाव आहे. कदाचित नसेल.

फीचं मात्र मागं घेत नाही. आणि वर्ग न भरणारी, नुसती परीक्षेला बसवणारी कॉलेजं आहेत, त्यांच्याबद्दल इथं कुणीच लिहिलं नाही. जर्नलवर खोडरबर चालू न देणारे सर नसतील तर पोराला काय मिळणार?

---

उसाचा_पाला | मंगळवार, रात्री ९.२०

@मार्केट_यार्ड, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मामेभावाला मी हेच सांगणार आहे, की कॉलेजची इमारत नंतर बघ, आधी दुपारी तीन वाजता जाऊन प्रयोगशाळा उघडी आहे का बघ. आत मुलं उभी असतील तर तिथं घाल.

@तिसरं_वर्ष, बाईंनी मोठं सांगितलं, मी ऑडिटरचं बारीक सांगतो. शेवटच्या वर्षाचे टक्के सोडू नकोस. आता कुठं जायचं हे ठरलं नसलं तरी पुढची दारं टक्क्यांवर उघडतात. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला खुल्या गटात पदवीला ४५ टक्के लागतात. माझा चुलतभाऊ ४४ वर अडकला, तेही अकरा वर्षांनी, जेव्हा त्याला खरंच वकील व्हायचं होतं. सी.ए.ला पदवीधराला फाउंडेशन परीक्षा न देता सरळ इंटरमिजिएटला जाता येतं, पण कॉमर्सला ५५ आणि इतरांना ६० टक्के हवेत. एम.सी.ए.ला बी.ए.वाल्यांनाही जाता येतं, फक्त गणिताबद्दलचा नियम आधी बघून घे. तलाठी, बँका, राज्यसेवा यांना कुठलीही पदवी चालते, आणि त्यासाठी पुण्यालाच जायला हवं असं नाही. आता एका वेळी दोन पदव्या करायलाही यूजीसीनं २०२२ पासून मुभा दिलीय, एक कॉलेजात आणि एक दूरस्थ. खर्च आणि वेळ झेपतो का ते बघून ठरव, घाई नाही.

विषय चुकला का, हे आज ठरवू नकोस. मी २००७ ला ठरवलं असतं तर चुकीचंच ठरवलं असतं.

---

तिसरं_वर्ष | बुधवार, सायंकाळी ६.१५

सर्वांचे आभार. बाई, मला कानडी येतं. आईचं माहेर विजापूरकडचं. आजपर्यंत मी ते कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं.

आज आमच्या मॅडमना भेटले. शेवटच्या सत्राला प्रकल्प आहे, विषय अजून द्यायचाय. मी म्हणाले, हळदीच्या व्यापारातले शब्द गोळा करू का? पेव, गड्डा हे शब्द मला या धाग्यातच भेटले, आणि सीमेकडून माल येतो म्हणजे त्यात कानडी शब्दही असणार. मॅडम म्हणाल्या, कर, पण पुस्तकातून नको, माणसांकडून ऐकून घे. @मार्केट_यार्ड काका, हमालमामा अजून यार्डात असतात का?

---

मार्केट_यार्ड | बुधवार, रात्री ८.००

असतात. वय झालंय, ओझं उचलत नाहीत, पण सौद्याच्या दिवशी सकाळी येऊन बसतात. कानडी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त येतं.

कुठल्या दिवशी येणार ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. घरचं कुणी बरोबर आलं तरी चालेल, आमच्या घरी जेवायलाच थांबा. वही मोठी आण, ते बोलायला लागले की लवकर थांबत नाहीत. आणि चुकलं तर खोडू नकोस, एक रेघ मार.